१०० पैकी ३७

मध्य प्रदेशातल्या बाग गावच्या एका निवासी शाळेत समुपदेशक म्हणून काम करणाऱ्या मुलीला मी १०० पैकी ३७ गुण दिले, त्याला आता काही वर्षं झाली. ती असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. बडवानीकडची, घरी भिलाली बोलणारी, इंदूरला मानसशास्त्रात एम.ए. करून आलेली. शाळांमधल्या समुपदेशकांचं काम तपासणाऱ्या एका समितीत मी तेव्हा होते. माझं बालपण धारचं. घरात मराठी आणि दाराबाहेर माळवी बोलत वाढलेली, म्हणून त्या भागातल्या शाळा माझ्या वाट्याला आल्या. टांडा गाव मागे टाकून गाडी बागच्या दिशेने उतरू लागली तेव्हा मनात लहानपणी पाहिलेली तिथली लेणी होती आणि मांडीवर पत्रकांची फाइल.

पत्रकात पाच रकाने होते, प्रत्येकाला २० गुण. वैयक्तिक सत्रं किती झाली, वर्गांवर तास किती घेतले, पालकांच्या भेटी किती झाल्या, उपक्रम किती केले (फोटो जोडावेत), आणि शेवटी शाळेचा निकाल व हजेरी. जिन्याखालच्या अरुंद खोलीत दोन खुर्च्या आणि एक स्टीलचं कपाट होतं. तिने रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. जुलैपासून डिसेंबरपर्यंत नोंदी अकरा. शाळेत मुलं-मुली मिळून साधारण चारशे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. तो आकडा मला पाठ होता. मी मनातल्या मनात हिशोब केला की तीसेक मुलं तरी हिच्यापर्यंत पोचायला हवी होती.

"मुली येत नाहीत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"इथे नाही येत, मॅडम. या खोलीत यायचं तर स्टाफरूमच्या दारावरून यावं लागतं."

"मग बोलता कुठे?"

"हौदावर."

मला ती सबब वाटली. दुपारी चारच्या आत मी पत्रक भरलं, शेऱ्यात 'नोंदी अपुऱ्या, पाठपुरावा दिसत नाही' असं लिहिलं आणि सही केली.

त्या रात्री मुक्काम शाळेतच होता. संध्याकाळी मी वसतिगृहाच्या मागे गेले. हौदाभोवती पंधरा-वीस मुली कपडे धूत होत्या आणि त्यांच्यात ओढणी कमरेला खोचून तीही उकिडवी बसलेली. तिच्या शेजारी आठवीतली असावी अशी एक मुलगी होती. दोघींत बोलणं काहीच नव्हतं. मग एक मोठी चादर पिळायला दोघी उठल्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. उलटसुलट पीळ देताना, पाणी खाली गळत असताना, ती मुलगी मान खाली घालून भिलालीत काहीतरी सांगू लागली. बरंच सांगत राहिली. ही नुसती पीळ देत राहिली. चादरीत थेंब उरला नव्हता तरी दोघी पिळत होत्या. शेवटी हिने दोन शब्द विचारले, मुलीने मान हलवली, आणि चादर दोरीवर गेली.

पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला समोर काय चाललंय ते कळायला वेळ लागत नाही. मुलाच्या डोळ्यांत न बघता, दोघांच्या हाताला काहीतरी काम देऊन, त्याला बोलू द्यावं, असं मी स्वतः प्रशिक्षणार्थींना शिकवत आले आहे. ती ते माझ्यापेक्षा सहजतेने करत होती. पण त्या कामाला माझ्या पत्रकात रकाना नव्हता आणि पत्रकावर सही होऊन गेली होती. सकाळी ते बदलता आलं असतं. मी बदललं नाही. सही झालेला कागद फिरवायचा नसतो ही सवय म्हणा किंवा आणखी दोन शाळा उरकायच्या होत्या म्हणून म्हणा. मार्चमध्ये तिचा करार संपला आणि नव्याने झाला नाही. जूनमध्ये वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा फोन आला की दीदी कुठे गेल्या म्हणून मुली विचारतात. मग मी संस्थेला पत्र लिहिलं. तोपर्यंत ती दुसरीकडे नोकरीला लागली होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाचं काम कसं झालं, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून?

मोजण्याचा आग्रह आमच्याकडे बाहेरून लादला गेला असं मी म्हणणार नाही. आमच्या शास्त्राचा शाळेत प्रवेशच मोजमापाच्या वाटेने झाला. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांना वेगळ्या शिकवणीची गरज आहे हे ओळखायला १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने यांनी चाचणी केली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली. १९४०च्या सुमाराला आलेली ती 'बिने-कामत' अजून देशभर वापरात आहे. मोठं आणि कष्टाचं काम होतं ते. पण तिचा एक परिणाम असा झाला की शाळेतला मानसशास्त्रज्ञ म्हणजे चाचण्या घेणारा माणूस, आणि जास्त चाचण्या म्हणजे जास्त काम, हे समीकरण पक्कं बसलं. बागच्या त्या मुलीने सहा महिन्यांत एकही बुद्धिमापन केलं नव्हतं. मी तेही तिच्या विरुद्ध धरलं होतं.

खरी हकिकत मला पुढे अधीक्षिकेकडून कळली. सहावीतला एक मुलगा 'मंद' आहे, त्याची चाचणी घेऊन कागद द्या, असं वर्गशिक्षकांनी तिला सांगितलं होतं. तिने चाचणी घेतली नाही. आठवडाभर ती गणिताच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. मुलगा आईबरोबर हाटात मिरची विकायचा, तिथे त्याचा एक रुपयाही चुकत नव्हता. वर्गात चुकत होतं ते हिंदीतलं गणित. वजाबाकीचे शब्द त्याला कळत नव्हते, वजाबाकी येत होती. बिने-कामतचे प्रश्न हिंदीत विचारले असते तर जो आकडा निघाला असता तो भाषेचा असता, आणि तो बुद्धीचा म्हणून त्या मुलाच्या दाखल्याला कायमचा चिकटला असता. ती चाचणी न घेणं हा तिच्या वर्षभरातला सर्वांत जाणता निर्णय होता. रजिस्टरात त्या तारखेला काहीच नाही.

आमच्या कामाची हीच अडचण आहे. ते चांगलं झालं की बऱ्याचदा काहीतरी घडत नाही. मुलगी विहिरीकडे जात नाही, मुलगा शाळा सोडत नाही, मास्तर हात उगारत नाहीत. न घडलेल्या गोष्टीचा फोटो कसा जोडणार?

तरीही ती अजिबात मोजता येत नाही असं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्य केंद्रांसाठी एक साधी रीत सुचवली होती. प्रत्येक माणसासाठी त्याचं स्वतःचं उद्दिष्ट आधीच लिहून ठेवायचं आणि उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत पाच पायऱ्या ठरवायच्या. मी ती शाळेत वापरली आहे. बाग-कुक्षीकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीला गुजरातेत जातात. गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ कारखान्यांत दगडाची पूड छातीत साठून धार, झाबुआ, अलीराजपूर जिल्ह्यांतली अनेक माणसं सिलिकोसिसने गेली; ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आहे. अशा घरातला, बाप गेलेला, वर्गात तोंड न उघडणारा मुलगा धरा. दिवाळीनंतर तो परतलाच नाही, तर उणे दोन. परतला पण महिन्याभरात निघून गेला, तर उणे एक. संक्रांतीपर्यंत टिकला, की शून्य, म्हणजे आपण धरलं तेवढं झालं. होळीआधीच्या भगोरियाला घरचे परत येईपर्यंत राहिला, की अधिक एक. वार्षिक परीक्षा देऊन सुट्टीत घरी गेला, की अधिक दोन. यात निकालाची टक्केवारी नाही, फोटो नाही, पण समुपदेशकाने काय करायचं ठरवलं होतं आणि काय झालं ते स्वच्छ दिसतं. मुलाचं नावही लागत नाही.

नावावरून त्या रजिस्टरकडे पुन्हा जायला हवं. त्या दिवशी मी ते उघडून वाचलं. अकरा मुलींची नावं, इयत्ता आणि एका ओळीत कारण. ते वाचायचा मला काय अधिकार होता? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मूल मोकळं बोलतं ते बोललेलं बाहेर जाणार नाही या भरवशावर. त्याला अपवाद असतो तो मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि लैंगिक अत्याचाराचा. तिथे २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं सक्तीचंच केलं आहे. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणं, काय कपाटात बंद ठेवायचं आणि काय त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं हे ओळखणं, ही या पेशातली सर्वांत कठीण कसोटी. आणि आमची तपासणी सुरू होते ती मुळात बंद असायला हवी ती वही उघडून.

कोऱ्या रजिस्टरमागे आळस असू शकतो, तशी निष्ठाही असू शकते. रजिस्टरावरून ते ओळखता येत नाही. भरलेल्या रजिस्टरांचंही तसंच. एका मोठ्या शहरातल्या शाळेत मी तीनशेहून जास्त नोंदी पाहिल्या आहेत, सगळ्या एकाच शाईत, एकाच वळणात, एकाच बैठकीत उतरवलेल्या. त्या समुपदेशकाला पूर्ण गुण मिळत होते.

म्हणून मूल्यमापन नकोच, हे नाजूक काम आहे, कोणी हात लावू नये, असं जे आमच्यातले काही म्हणतात ते मला मान्य नाही. वाईट समुपदेशक मुलांचं नुकसान करतो आणि ते नुकसान दिसत नाही. नववीतल्या एका मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट समुपदेशकाने स्टाफरूममध्ये चहाबरोबर सांगितली आणि ती चार दिवसांत वर्गात पोचली, हे मी पाहिलं आहे. ती मुलगी पुन्हा कुणाही मोठ्या माणसाजवळ बोलली नाही. त्या समुपदेशकाचा गोपनीय अहवाल उत्तम होता. तपासणी हवीच, आणि आजच्यापेक्षा कडक हवी. फक्त ती योग्य जागी हवी.

बागच्या त्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून मी एका खत्री कारागिरांच्या ठसेछपाईच्या कारखान्यात गेले. ही मंडळी १९६२च्या सुमाराला मनावर गावाहून बागला आली आणि बागिनी नदीच्या काठी त्यांची छपाई वाढली. खडं मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवलेलं, मग हिरड्यात बुडवून पिवळसर केलेलं कापड ओट्यावर पसरलं होतं. म्हातारे कारागीर लाल छपाईचा ठसा मारत होते, पण कापडावर लाल काहीच नव्हतं. चिंचोक्याच्या खळीत तुरटी, तिची छाप जेमतेम दिसेल इतकी फिकट. लाल रंग उमटतो तो पुढे, कापड नदीत धुऊन, तांब्याच्या भांड्यात आल आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळल्यावर. त्याला अजून बरेच दिवस होते. एवढ्यात त्यांनी शेजारी छापत असलेल्या तरुणाला थांबवलं आणि दोन हात कापड पुन्हा धुवायला काढलं. मला तर दोन्ही छापांत काही फरक दिसेना. मी विचारलं, रंग आल्याशिवाय कसं कळलं? ते म्हणाले, "जोड बघायचा. एक ठसा दुसऱ्याला कुठे भिडतो तिथे हात कळतो."

रंग उमटेपर्यंत थांबायला आमच्याकडेही कुणाला वेळ नसतो. करार अकरा महिन्यांचा असतो आणि मूल सावरायला कधीकधी तीन वर्षं लागतात. त्याआधी काम कसं चाललंय हे कुणाला कळू शकेल, तर ज्याने स्वतः हे ठसे मारले आहेत त्याला. मुख्याध्यापकांना ते कळत नाही यात त्यांचा दोष नाही. दोष आहे तो त्यांच्याच हाती ते सोपवण्यात. त्याहून मोठी गोष्ट अशी की समुपदेशकाचा वार्षिक अहवाल ज्यांच्या सहीने जातो, त्यांच्याच शाळेबद्दल, कधी त्यांच्याच शिक्षकांबद्दल, मुलं तिच्याशी बोलत असतात. मुलांच्या बाजूने उभी राहिली तर तिचा करार धोक्यात, आणि करार सांभाळला तर मुलांचं ऐकून घ्यायला कोणी नाही. हा पेच पत्रकातले रकाने बदलून सुटत नाही.

अमेरिकेतही असा घोळ झाला. २००९ नंतर तिथे शिक्षकांचं मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांशी जोडण्याची लाट आली आणि शाळांतल्या मानसशास्त्रज्ञांनाही अनेक ठिकाणी शिक्षकांच्याच चौकटीत बसवलं गेलं, फळ्यासमोर ते उभे राहत नसतानाही. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने स्वतःची चौकट पुढे ठेवली. कामाची दहा क्षेत्रं ठरवली आणि एका मानसशास्त्रज्ञामागे ५०० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत असं सांगितलं. दहा क्षेत्रं आपल्याला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. पण माणसाला जोखण्याआधी त्याच्यावर किती भार टाकला ते बघा, हा त्यातला विचार मला पटतो. जिन्याखालची खोली देणाऱ्या शाळेचेही गुण कापले जावेत. मी तेव्हा फक्त त्या मुलीचे कापले.

आता मी तपासणीला जाते तेव्हा रजिस्टर मागत नाही. समुपदेशकाला म्हणते, नाव, गाव, इयत्ता काही न सांगता एका मुलाची गोष्ट मला पहिल्यापासून सांगा, आणि कुठे चुकलात असं वाटतं तेही सांगा. तासाभराच्या त्या बोलण्यात हात कळतो. ज्याला आपली एकही चूक आठवत नाही त्याची मला काळजी वाटते. शिक्षकांना विचारते, या बाईंमुळे तुम्ही वर्गात एखादी गोष्ट वेगळी करू लागलात का? मुलांना चिठ्ठ्या देते, नाव न लिहिता एवढंच लिहायचं की फार वाईट वाटलं तर शाळेत कुणाकडे जाशील. बागच्या शाळेत ही चिठ्ठी फिरली असती तर काय आलं असतं, हे आता विचारून उपयोग नाही. आणि मुख्याध्यापकांना माझा शेवटचा प्रश्न असतो, यांनी तुम्हाला वर्षभरात कशाला नकार दिला? बहुतेक जण चमकतात. ज्या समुपदेशकाने वर्षात एकदाही 'हे मी करणार नाही, यात मुलाचं नुकसान आहे' म्हटलं नसेल, तो शाळेची नोकरी करत असेल, पण मुलांचं काम करत नसतो. त्या मुलीने चाचणीला नकार दिला होता. तो तिच्या बाजूने मांडायला तिथे कुणी नव्हतं, कारण ते विचारायला आलेल्या मीच ते विचारलं नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र वर्षाकाठच्या तपासणीत नाहीच. आमच्या बहुतेक समुपदेशकांना दर महिन्याला बसून बोलायला कोणी ज्येष्ठ माणूस नसतो. खेड्यातल्या निवासी शाळेत तर ती एकटीच. दिवसभर ऐकलेलं सगळं रात्री तिच्याच छातीवर. इंदूरहून महिन्यातून एकदा फोनवर तासभर तिच्याशी बोलणारं कुणी असतं, तर तिचं कामही सुधारलं असतं आणि त्या माणसाच्या शब्दाला माझ्या ३७ गुणांपेक्षा जास्त वजन असतं. याला फार पैसा लागत नाही. निवृत्त झालेल्या आम्हा लोकांनी वेळ द्यायला हवा आणि शाळांनी तो मागायला हवा. सध्या मी असे चार जणांचे फोन घेते. त्यातल्या दोघी आदिवासी वसतिगृहांत आहेत.

आता हा प्रश्न थोड्या शाळांपुरता राहिलेला नाही. २५ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने, विशाखापट्टणमला 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं आहे. नेमणुका होतील. पाठोपाठ पत्रकंही छापली जातील आणि बहुधा ती पाच रकान्यांचीच असतील.

तुम्ही एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, किंवा नुसते पालक असाल, तर पुढच्या सभेत समुपदेशकाबद्दल दोनच गोष्टी विचारा. त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारं, त्या विषयातलं माणूस कोण आहे? आणि त्यांच्याकडे जायचं तर मुलांना कुणाच्या दारावरून जावं लागतं?